चंद्रभान गुरव पीत नव्हते

चारठाण्याहून जिंतूरकडं जाताना एक कच्चा फाटा फुटतो, त्या फाट्यावर आमचं गाव. गावातल्या महादेवाची पूजा पिढ्यानपिढ्या गुरवांच्या एकाच घराकडं होती. मी त्या घराची शेजारीण. जिंतूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, रोज जाऊन-येऊन करते. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यामुळं त्या घरात जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि जे पाहिलं नाही ते धुरपताबाईंनी मला सांगितलं.

धुरपताबाई म्हणजे चंद्रभान गुरवांची बायको. ठेंगणी, गोरी, बोलायला फटकळ. चंद्रभान तिच्या अगदी उलट. उंच, सावळे, चालताना एक खांदा जरा पुढं टाकणारे, आणि आवाज असा खणखणीत की गाभाऱ्यात त्यांनी ‘नमः शिवाय’ म्हटलं तर पाणवठ्यापर्यंत ऐकू यायचं. त्यांना दोन मुलं. मोठा महारुद्र आईच्या चेहऱ्याचा, तोच गोरा रंग, तीच बसकी हनुवटी. धाकटी राजेश्री मात्र बापाची. तशीच उंच, खांदा पुढं टाकून चालणारी. ती पाठमोरी जाताना दिसली की माणसं म्हणायची, चंद्रभाननंच साडी नेसली.

चंद्रभान चाळिशी ओलांडून गेले आणि त्यांच्या हातून वस्तू पडायला लागल्या. आधी तांब्या, मग आरतीचं ताट. बोटं उगीचच हलायची, सनईवर फिरवल्यासारखी. चालताना तोल जायचा, मग ते स्वतःच हसून सावरायचे. पुढं हसणंही गेलं. पूजा सांगताना मध्येच अडकायचे आणि कुणी आठवण करून दिली की अंगावर धावून जायचे. आमच्या गावात असा चालणारा, असा बोलणारा माणूस फक्त एकाच कारणानं ओळखतात. गुरव प्यायला लागला, एवढंच सगळ्यांनी धरलं.

एका सोमवारी देवस्थान कमिटीचे अध्यक्ष गोविंदराव यांनी त्यांना सभामंडपात बोलावलं. गोविंदराव शाळेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं असं मला कधी दिसलं नाही. मीही त्या दिवशी दर्शनाला गेले होते.

“चंद्रभान, खरं सांग,” ते म्हणाले. “मान्य केलंस तर आमी संभाळून घेऊ.”

“म्या दारूला शिवलो न्हाई, सर.”

“मग हे काय चाललंय?”

“मलाच कळंना. पण पिंडीवर हात ठेवून कसम खातो.”

ते गाभाऱ्यात गेले, गुडघ्यावर बसले आणि उजवा हात पिंडीवर ठेवला. हात ठरेना. त्यांनी तो दाबून धरला तसा जास्तच उडाला आणि वाहिलेला बेल सगळा खाली सांडला. मागून कुणीतरी बोललं, “देवालाच नको झालाय याचा हात.” दोघं-तिघं हसले. चंद्रभाननी डावा हात उजव्यावर ठेवला, तर दोन्ही हात हलायला लागले. गोविंदरावांनी मान खाली घातली आणि गाभाऱ्याची किल्ली मागून घेतली.

धुरपताबाईंना घरी हे कळलं तेव्हा त्यांनी नवऱ्याची बाजू घेतली नाही. त्या रोज संध्याकाळी त्यांच्या तोंडाचा वास घेऊन बघायच्या. वास कधीच आला नाही. पण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता बिनवासाच्या गोळ्या मिळतात. मग त्यांनी पेटी धुंडाळली, गोठ्यातला कडबा उपसून पाहिला. काही सापडलं नाही तर त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की माणूस लय पोहोचलेला आहे. भिंतीपलीकडून मला त्यांचं ओरडणं ऐकू यायचं. कधीमधी एखादं भांडं आपटल्याचा आवाज यायचा, ते चंद्रभाननी रागानं फेकलं की त्यांच्या हातातून निसटलं, कुणास ठाऊक.

शेवटी नातलगांनी मिळून त्यांना लांबच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं. जीपमध्ये बसताना ते सगळ्यांना एकच सांगत होते, “मी पीत न्हाई हो.” तिथं आलेला जो तो हेच म्हणतो, असं नंतर धुरपताबाईंना तिथल्या माणसानं सांगितलं. काही महिन्यांनी त्यांना परत आणलं तेव्हा अंगावर नुसती हाडं राहिली होती. ओसरीवर बसले, पाणी मागितलं आणि बायकोला एवढंच म्हणाले, “धुरपे, तुला तरी खरं वाटायचं होतं.”

त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. चंद्रभान आणखी वाळले, गिळताना ठसका लागायला लागला, छाती भरली आणि पौषात ते गेले. दहाव्याला लोक कुजबुजत होते, दारूनं आतडी खाल्ली म्हणून.

पुढं काही वर्षांनी राजेश्रीचं लग्न पिंगळीला ठरत आलं. मुलाकडच्यांनी गावात चौकशी केली आणि निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण बाप असा होता आणि ती हुबेहूब बापावर गेली आहे. ते लग्न मोडलं. पुढं तिनंच दुसरं ठरवू दिलं नाही. परभणीला जाऊन ती शिवणकाम शिकली, मग वसमत रोडला एक गाळा भाड्यानं घेऊन ब्लाऊज शिवायला लागली. आईवर तिचा राग होता. बोलून दाखवत नव्हती, पण सणाला आली तरी मुक्काम करायची नाही.

महारुद्रवर मात्र धुरपताबाईंचा सगळा जीव. तो माझ्यावर गेलाय, त्याच्यात बापाचं काही नाही, हे त्या ज्याला-त्याला सांगायच्या. त्यानं जिंतूर ते चारठाणा काळीपिवळी जीप चालवायला घेतली. रेणुकाशी लग्न झालं, अबोली झाली. पोरगा सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हता. बापाची बेइज्जती त्यानं लहानपणी पाहिली होती.

अबोली अंगणवाडीत जायला लागली त्या वर्षीची गोष्ट. धुरपताबाई डोळ्यांच्या तपासणीला जिंतूरला निघाल्या होत्या. महारुद्रच्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या. मी मागं होते. गाडी सुटली आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या रस्त्याकडं बघतच नाहीत. त्या त्याच्या स्टिअरिंगवरच्या बोटांकडं बघत होत्या. बोटं हलत होती. एकेक करून, सनईच्या भोकांवर फिरावीत तशी. वळणावर त्याचा पाय ब्रेकवरून सटकला आणि गाडी कडेच्या बाभळीला घासून थांबली. कुणाला लागलं नाही. पण मागचा एक म्हातारा चिडून म्हणाला, “सकाळी सकाळीच घेतलीस का रे? बापाचंच पोरगं.”

धुरपताबाई खाली उतरल्या आणि भर रस्त्यात बसल्या.

“सकाळधरनं माझ्या नजरेसमोर हाय तो,” त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या. “चहा दिला म्या, भाकर दिली म्या. कुठं पिला? सांग की, कुठं पिला?” आणि मग आवाज एकदम खाली आला. “ते बी पीत नव्हते. माय गं, ते बी पीत नव्हते.”

महारुद्र त्यांना उठवत होता आणि त्याला काय झालंय ते कळत नव्हतं. मला थोडंफार कळलं. संध्याकाळी मी भिंतीपलीकडं गेले आणि मुलाला परभणीला मेंदूच्या डॉक्टरांकडं दाखवा म्हणाले. रेणुकानं मला सोबत यायची विनंती केली.

डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी महारुद्रला सरळ रेषेत चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. जीभ ठरेना. मग घरच्यांची माहिती विचारली. वडिलांचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, “आणि वडिलांचे आई-वडील?”

धुरपताबाई म्हणाल्या, “सासऱ्यांना काय बी नव्हतं. सासूच्या अंगात देवी यायची. मंगळवार न्हाई की शुक्रवार न्हाई, कवा बी यायची. शेवटी शेवटी तर उतरायचीच न्हाई. बाया यायच्या, ओटी भरायच्या, पाया पडायच्या.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. म्हणाले, “आजी, ती देवी नसावी. तुमच्या सासूबाईंना जे होतं तेच तुमच्या मालकांना होतं असं मला वाटतंय.”

महारुद्रचं रक्त हैदराबादला गेलं. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हंटिंग्टन. याला थांबवणारं औषध अजून नाही, हेही सांगितलं. हालचाल कमी करायच्या गोळ्या मिळतात, खाणं-पिणं जपायचं, गाडी आजपासून बंद.

घरी आल्यावर धुरपताबाई माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. “बाई, तुमी पोरान्ला शिकवता म्हणं हे. मला सांगा. माझ्यावर गेलेलं पोरगं, त्याला बापाची बिमारी कशी?”

वर्गात मी हा धडा दरवर्षी शिकवते. फळ्यावर पिळाची शिडी काढते, बाजूला ए, टी, जी, सी ही चार अक्षरं लिहिते आणि पोरं ती उतरवून घेतात. त्या दिवशी मला सुरुवात सापडेना. मी म्हणाले, “अंगातल्या बारक्यात बारक्या कणात एक लांब दुपदरी धागा असतो. दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले. त्यावर चार अक्षरांत सगळं मांडलेलं असतं, नाक कसं, रंग कसा, हात कसा हलवायचा. एका पदरावर एक अक्षर असलं की समोरच्या पदरावर त्याचं ठरलेलं जोडीदार अक्षरच असतं. अंगाला नवा कण करायचा झाला की हे दोन पदर सुटतात आणि प्रत्येक पदर आपला नवा जोडीदार तयार करून घेतो. एकाचे दोन धागे होतात, सारखेच.”

“सारखेच होतात तर बिमारी कुठून घुसली?”

“त्या धाग्यावर एका जागी तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. सी-ए-जी, सी-ए-जी, सी-ए-जी. सगळ्यांच्याच अंगात आहेत, तुमच्या, माझ्या. वीसेक वेळा आली तर काही होत नाही. पण एकच गोष्ट सारखी उतरवायची म्हटलं की मोजणी हुकते. जपाला बसल्यावर माळ नसली तर हुकते तशी.”

“आमचे मालक जपाला कवा हुकायचे न्हाईत,” त्या लगेच म्हणाल्या.

मी थांबले. मग त्याच म्हणाल्या, “बोला.”

“मोजणी हुकली की आकडा वाढतो. चाळिसाच्या पुढं गेला की माणूस आजारी पडतो. बापाकडून मुलाकडं जाताना तो जास्तच वाढू शकतो. म्हणून मालकांना चाळिशीनंतर जे झालं ते महारुद्रला तिशीतच झालं.”

“आन् चेहरा?”

“चेहरा एका गोष्टीवर ठरत नाही, बाई. प्रत्येकाकडं हे धागे जोडीनं असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. मालकांकडं एक त्यांच्या आईचा होता, एक वडिलांचा. मूल व्हायच्या आधी ते दोन धागे शेजारी येतात, आपसांत तुकडे बदलतात, आणि मुलाला त्यातला एकच, मिसळलेला धागा जातो. कुठला तुकडा जाईल हे कुणाच्या हातात नसतं. महारुद्रच्या वाट्याला त्या जागी तुमच्या सासूबाईंचा तुकडा आला. चेहरा तुमचा आला. दोन्ही एकाच अंगात.”

त्यांचा चेहरा बदलला. “राजेश्री तर सगळीच बापाची हाय.”

मी त्यांना सांगितलं की त्यावरूनही काही ठरत नाही. त्यांना ते पटलं नाही. चालणं बापाचं, उंची बापाची, आवाज बापाचा, मग हे एकच कसं राहील?

राजेश्रीला फोनवर सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल तर, “म्हणजे अण्णा खरं बोलत होते.” मग तिनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी गाळा बंद करून ती गावाला आली. मायलेकी एकमेकींसमोर बसल्या. धुरपताबाई रडत होत्या. राजेश्री रडली नाही. “अण्णा पीत नाहीत, हे मी तुला तेव्हाच सांगत होते, आई,” ती म्हणाली. “लहान होते म्हणून कुणी ऐकलं नाही.”

“मारून टाकलं म्या त्यान्ला.”

“तू नाही. पण त्यांना एकटं पाडलंस.” राजेश्रीनं ते मऊ करून सांगितलं नाही.

तपासणी करायची की नाही, हे ठरवायला डॉक्टरांनी तिला वेळ दिला. म्हणाले, कळलं तरी औषध नाही, न कळता जगण्याचाही माणसाला हक्क आहे. धुरपताबाईंनी तर हात जोडले, नको करूस म्हणून. त्यांना खात्रीच होती काय निघणार त्याची. राजेश्री काही महिने तशीच राहिली. सुई ओवताना धागा एकदा हुकला तरी दुकान बंद करून बसायची. मग एक दिवस मला म्हणाली, “मॅडम, असं जगता येत नाही,” आणि जाऊन रक्त देऊन आली.

निकाल ऐकायला मी सोबत होते. डॉक्टर म्हणाले, “तुमच्यात नाही.” त्यांनी दोनदा सांगितलं. तिला वडिलांकडून त्या जागी आजोबांचा तुकडा मिळाला होता, साधा, बरोबर मोजलेला. ती बाहेर आली, दवाखान्याच्या बाकावर बसली आणि तेव्हा कुठं रडली. वडील गेल्यापासून न रडलेली ती पोरगी अशी रडली की शेजारच्या बाईनं तिला पाणी दिलं, वाईट बातमी असेल असं समजून.

“दादाला कोणत्या तोंडानं सांगू?” ती म्हणाली.

दादाला तिनं संध्याकाळी सांगितलं. महारुद्रचं बोलणं तोवर जड झालं होतं. त्यानं हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, हात खांद्यावर आदळला. “एक तरी सुटली,” तो म्हणाला. “लय बरं झालं, लय बरं झालं.” धुरपताबाई मात्र चुलीपाशी उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत. जिला त्यांनी मनात केव्हाच गमावलं होतं ती वाचली, आणि ज्याच्या गोऱ्या चेहऱ्यावर त्यांनी भरवसा ठेवला होता तो समोर थरथरत बसला होता. त्यांना कशाचा आनंद करावा ते कळत नसावं.

पुढची वर्षं सेवेत गेली. रेणुका शेतात मजुरीला जायची, दिवसभर धुरपताबाईच महारुद्रपाशी. त्याला भूक फार लागायची आणि गिळता यायचं नाही. त्या भाकरी दुधात कुस्करून, गाळून, चमच्यानं भरवायच्या. त्याच्या खाटेच्या कडांना त्यांनी जुन्या गोधड्या बांधल्या होत्या, हातपाय आपटून लागू नयेत म्हणून. तो चिडला की शिव्या द्यायचा, ताटली उडवायचा. त्या ताटली उचलून पुन्हा भरवायला बसायच्या. एकदा मी म्हणाले, थोडा आराम करा. तर म्हणाल्या, “दोघांचं करायलेय, बाई. एकाचं राहून गेलंय.”

श्रावणात गोविंदराव आले. पार वाकले होते, काठी टेकत आले. कमिटीनं ठरवलं होतं की पूजा पुन्हा गुरवांच्या घराकडं द्यावी. सोबत शाल आणि नारळ होता. त्यांनी धुरपताबाईंपुढं हात जोडले. “वहिनी, आमच्या हातून नाहक वाईट झालं. आमाला ठाऊक नव्हतं.”

“तुमाला ठाव नव्हतं हे खरं हाय, सर,” त्या म्हणाल्या. “पण ते सांगत होते की. तुमाला बी, मला बी.”

धुरपताबाईंनी नारळ घेतला, शाल परत दिली. किल्ली घेतली नाही. ती घेऊन कोण जाणार होतं? एक खाटेवर, दुसरी परभणीला मशीनवर. पूजा आता चारठाण्याचा एक मुलगा येऊन करतो, तो चांगला आहे.

महारुद्र मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेला. वडिलांसारखीच छाती भरली. रेणुका त्याच्या उशाशी होती आणि पायाशी राजेश्री. या वेळी कुणी दारूचं नाव काढलं नाही. गाव सगळं आलं होतं, जे आले त्यातले बरेच जण चंद्रभानच्या वेळी हसलेही असतील.

वर्ष सरलं तशी राजेश्रीनं सगळ्यांना परभणीला नेलं. गाळ्याच्या मागं दोन खोल्या आहेत. रेणुका काज-बटण करते. अबोली दहावीला आहे. तिची तपासणी अठरा वर्षांची झाल्याशिवाय करायची नाही, आणि तेव्हाही तिनं स्वतः म्हटलं तरच, असं डॉक्टरांनी बजावलंय. तोवर तिला काही सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं.

गेल्या महिन्यात मी परभणीला गेले होते तेव्हा त्यांच्याकडं डोकावले. राजेश्री आणि रेणुका कापड आणायला गेल्या होत्या. अबोली जमिनीवर बसून विज्ञानाचं पुस्तक वाचत होती. आनुवंशिकतेचा धडा. मला पाहून तिनं काही विचारलं नाही. आजीकडंच वळली.

“आजी, बाबांचं मला होईल का?”

तिला कुणी सांगितलं, की तिचं तिनंच जोडलं, माहीत नाही. माझ्या घशाशी दहा उत्तरं आली, सगळी शिकवण्यातली. धुरपताबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या पोरीच्या समोर जाऊन बसल्या.

“ठाव न्हाई, माय,” त्या म्हणाल्या. “होईल बी, न्हाई बी. तुझ्या आत्याला न्हाई झालं, बाबाला झालं. तुझं कुणालाच ठाव न्हाई अजून.”

“तू खोटं तर बोलत नाहीस?”

“न्हाई.”

अबोलीनं मान हलवली. मग पुस्तक मिटून ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. धुरपताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी उठून चहा ठेवायला आत गेले. साखरेचा डबा कुठं आहे ते मला सापडत नव्हतं, पण विचारायला बाहेर आले नाही.